हिरवं पाणी

"हिरवंच का? निळं का नाही?" आबांनी पुन्हा विचारलं.

"आबा, समुद्रात निळं टाकलं तर दिसेल का?" भिंगरीने बादलीतली पूड काठीने ढवळत उत्तर दिलं.

"मग लाल टाक."

"लाल टाकलं तर लोक पोलिसांना बोलावतील."

आबा खूश होऊन हसले. त्यांना उत्तर पहिल्या वेळीच कळलं होतं. पण नातीच्या तोंडून ते पुन्हा पुन्हा ऐकायची त्यांना हौस होती, आणि ऐकू न येण्याचं वय झाल्यावर माणसाने त्याचा थोडा फायदाही घ्यावा, असं त्यांचं मत होतं.

भिंगरीची आई, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांच्या वहिनी, चहाची किटली पुसत दोघांकडे बघत होत्या. बोटी बांधायच्या या पत्र्याच्या कारखान्यात आज पहाटेपासून एखाद्या घरी लग्न असावं तशी धावपळ होती. डांबराचा आणि रंधा मारलेल्या लाकडाचा नेहमीचा वास होताच, पण त्यात आज भिंगरीच्या मंडळातल्या पोरापोरींच्या आरोळ्या मिसळल्या होत्या. कोणी शिट्ट्या वाटत होतं, कोणी भरती-ओहोटीची वेळ पुन्हा बघून येत होतं. ओहोटी पूर्ण व्हायला आली होती. पाणी मागे सरलं की पावसाळी गटारांची सगळी तोंडं उघडी पडतात, आणि तेवढ्यात काय ते बघून घ्यायचं होतं.

या साऱ्या गडबडीत एकच माणूस जणू काही घडतच नाही अशा थाटात बोटीच्या फटी बुजवत बसला होता. वहिनींचा नवरा. कारखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत.

"आई," भिंगरी मोठ्याने म्हणाली, "बाबांना सांग, अभियंता बाई पोचल्या वर बाजारात. पाण्याचा बंबही आलाय."

बाबा तिच्यापासून चार हातांवरच होते.

"तुझ्या लेकीला सांग," अण्णा बोटीच्या पोटाशी तोंड ठेवून म्हणाले, "की आम्हाला कान आहेत. आणि हेही सांग, की उद्या सकाळी भरावाचे ट्रक येणार आहेत. ते हिरवं बघून थांबत नाहीत."

गेल्या आठवड्यापासून बापलेकीचं हे असं चाललं होतं. मध्ये वहिनी. टपाल खात्यात नोकरीला लागल्यासारख्या.

भांडण होतं कारखान्याच्या मागच्या खळग्यावरून. लव्हाळ्यांनी भरलेला, पायपुसण्याइतकाही उपयोग नसलेला तो ओलसर तुकडा अण्णांना बुजवून सपाट करायचा होता. हौशी लोकांच्या बोटी ठेवायला पक्की जागा हवी म्हणून एक व्यापारी मागे लागला होता. भिंगरीचं म्हणणं, तो खळगा सोन्यासारखा आहे. वरच्या बाजारातले रस्ते, गॅरेजं, गाड्या धुण्याची जागा, या सगळ्यावरचं तेल, काजळी आणि प्लास्टिक प्रत्येक पावसात पावसाळी गटारात वाहून येतं. घरातलं सांडपाणी निदान शुद्धीकरणाला जातं, हे मात्र सरळ खाडीत. तेच पाणी आधी खळग्यात थांबलं, गाळ खाली बसला, लव्हाळ्यांच्या मुळांतून ते हळूहळू पुढे गेलं, तर खाडीत जाईपर्यंत बरंच निवळेल.

पालिकेच्या अभियंता बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं आणि नकाशा उघडला होता. नकाशात बाजाराचं गटार दूर धक्क्यापलीकडे समुद्रात उघडत होतं. "बाजाराचं पाणी तुमच्या दाराशी येतच नसेल, तर खळगा राखायला मी मंजुरी कशाच्या जोरावर देऊ?" त्या म्हणाल्या होत्या. "आधी दाखवा, ते येतं कुठे."

म्हणून आज बंब. वर बाजारात गटाराचं झाकण उघडून आत निरुपद्रवी हिरवा रंग ओतायचा, बंबाचं पाणी पावसासारखं सोडायचं, आणि ते हिरवं कुठे निघतं ते बघायचं.

"पैज लावायची?" वहिनींचे धाकटे दीर दारातून डोकावले. पायात गुडघ्यापर्यंतचे बूट, गळ्यात शिट्टी. "मी धक्क्यावर उभा राहणार. तिकडे निघालं तर अण्णा जिंकला. खळग्यात निघालं तर भिंगरी."

"आणि कुठेच नाही निघालं तर?" त्यांच्या बायकोने विचारलं. ती धाकटी जाऊ. नव्या चपला घालून आली होती आणि आपल्याला खळग्यापाशी उभं करणार आहेत हे तिला आत्ताच कळलं होतं.

"तर आबा जिंकले," भाऊजी म्हणाले. "त्यांनी कुठे काय लावलंय?"

सगळे हसले. अण्णासुद्धा, पण बोटीकडे तोंड करून.

वहिनींना हसू आलं नाही. समोरच्या काचेतून खाडी दिसत होती, आणि खाडीच्या पल्याड वाळूच्या लांबट पट्ट्यावर त्यांचं माहेर. तिथून एक छोटी होडी निघाली होती. होडीत उभं राहून वल्हवायची लकब त्यांनी शंभरात ओळखली असती. दादा होता, त्यांचा भाऊ.

त्या पट्ट्याच्या उथळ पाण्यात त्यांच्या भावाची शिंपल्यांची शेती होती. वडिलांपासूनची. जोराची सर आली की आरोग्य खात्याचा माणूस येई, पाण्याची तपासणी होईपर्यंत शिंपले काढायला बंदी. मागच्या हंगामात काढणीचे दिवस कमी आणि बंदीचे जास्त झाले होते. परवा दादा फोनवर म्हणाला होता, "अगं, आता एकदा जरी बंदी आली ना, तर मी शिंपल्यांचे खुंट उपटून टाकणार आणि पोराकडे शहरात जाऊन राहणार. तिथे निदान पाण्याकडे बघून जीव खालीवर होणार नाही."

हे वहिनींनी घरात कोणाला सांगितलं नव्हतं. एकदा, फार पूर्वी, जेवताना त्यांनी शिंपल्यांचा विषय काढला होता, आणि अण्णा चेष्टेने म्हणाले होते, "आलं बघा माहेरचं रडगाणं." सगळे हसले होते. त्या पण हसल्या होत्या. त्यानंतर तो विषय त्यांच्या तोंडून निघाला नाही. त्या रोज सकाळी उठून आधी पल्याड बघत, पाण्याचा रंग कसा आहे ते बघत, मनातल्या मनात हात जोडत आणि कामाला लागत. बस.

"आई, तू वर माळ्यावर," भिंगरीने त्यांच्या हातात शिट्टी दिली. "शिडांच्या खोलीतल्या खिडकीतून सगळं दिसतं. काही दिसलं की जोरात फुंकायची."

"मला कुठे फुंकता येते?"

"तर ओरड."

"ती? ओरडणार?" अण्णा पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले. "ती मांजरालासुद्धा 'जरा सरकतेस का' म्हणून विचारते."

*

माळ्यावर घडी घातलेल्या शिडांचे ढीग होते. वहिनी त्यातल्या एकावर टेकल्या आणि फोन खिडकीत उभा ठेवला. फोनवर सगळे एकाच वेळी बोलत होते.

"हॅलो, धक्का बोलतोय," भाऊजींचा आवाज. "माझ्याकडे गटाराचं तोंड आहे आणि एक बगळा आहे. दोघंही गप्प."

"मी खळग्याशी," धाकटी म्हणाली. "इथे डास आहेत. माझी चप्पल आत गेली आहे. वेगळं काही नाही."

"मामा, ऐकू येतंय का?" भिंगरी.

वाऱ्याच्या घरघरीतून दादाचा आवाज आला. "येतंय गं पोरी. आईला सांग, मी तिच्या खिडकीसमोरच आहे."

वहिनींनी हात हलवला. खालून होडीतल्या ठिपक्यानेही हलवला.

"ओतते हं!" भिंगरी किंचाळली. मागे बंबाचा धबाधबा आवाज, कोणीतरी टाळ्या पिटल्या, अभियंता बाई म्हणाल्या, "अरे, माझ्या अंगावर नको!"

आता वाट बघायची.

वहिनींनी खिडकीतून नजर फिरवली. डावीकडे दूर धक्का, त्यावर भाऊजी आणि बगळा. उजवीकडे खळगा, त्याच्या काठावर एका पायावर उभी असलेली धाकटी. समोर खाडी. आणि अगदी खाली, कारखान्याच्या पुढ्यातून पाण्यात उतरत जाणारी दगडी उतरण. बोटी सोडायची. तिच्या मधोमध, दगडांच्या फटीतून, त्यांचा झरा वाहत होता.

झरा म्हणजे घराण्याचा अभिमान. इथे कोणी पाहुणा आला की त्याला आधी नवी बोट दाखवत आणि मग झरा. "खारट खाडीच्या काठाला गोडं पाणी! देवाची देणगी!" हे वाक्य अण्णांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की भिंगरी लहानपणी त्यांच्याबरोबर ओठ हलवायची. उन्हाळ्यात झरा बारीक होई, पण सुकत कधी नसे. पावसात असा फुटे की उतरणीवर उभं राहवत नसे, आणि मग सगळे कौतुकाने म्हणत, "आला बघा आपला झरा रंगात."

"धक्का बोलतोय. बगळा कंटाळला. उडाला."

"भाऊजी, जरा नीट बघा हो," वहिनी फोनकडे झुकून म्हणाल्या.

"वहिनी, डोळ्यात तेल घालून बघतोय. एक बाटली आली. रिकामी."

"माझ्याकडे बेडूक," धाकटी म्हणाली. "हिरवा आहे, पण जन्मापासूनचा असावा."

वेळ जात राहिला. बंब अर्धा रिकामा झाला असं वरून सांगणं आलं. हिरवं धक्क्यावर निघालं तर उद्या सकाळी ट्रक. खळगा गेला की पुढच्या पावसाच्या आधी दादाच खुंट उपटेल. मग सकाळी उठून पल्याड बघायचं तरी कशाला?

खाली अण्णा हातातलं डांबर पुसत उतरणीवर आले. काम झालं की झऱ्यात हात धुवायचे ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. ते वाकले. ओंजळ धरली. नजर मात्र समोर होडीकडे, मेव्हण्याकडे होती.

वहिनींना आधी वाटलं, शेवाळ आहे.

मग दगडांच्या फटीतून एक बारीक, कोवळी, पानासारखी हिरवी रेघ निघाली. ती रुंद झाली. अण्णांच्या मनगटांवरून घरंगळली, त्यांच्या ओंजळीत भरली, ओंजळीतून सांडली आणि उतरणीवरून थेट खाडीकडे पळत सुटली. असा झळझळीत रंग, की उन्हात डोळे दिपावेत.

शिट्टी हातातच राहिली.

"अहो!" वहिनी ओरडल्या. "अहो, हात बघा! हात!"

त्यांचा तो आवाज घरात कोणी कधी ऐकला नव्हता. तो पत्र्यावर आपटला, पाण्यावरून पलीकडे गेला. दादाने होडीत वल्हं टाकलं. अण्णांनी खाली बघितलं, आणि कोपरापर्यंत हिरवे झालेले दोन्ही हात समोर धरून, जन्मात पहिल्यांदा बायकोला घाबरल्यासारखे वर बघत राहिले.

"कुठे? कुठे निघालं?" फोनमधून चौघं एकदम ओरडत होते.

"झऱ्यातून," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पुन्हा लहान झाला. "आपल्या झऱ्यातून."

*

सगळे धावत आले. भाऊजी धक्क्यावरून, धाकटी एका चपलेने, भिंगरी आणि अभियंता बाई पालिकेच्या गाडीत बसून. दादाची होडी उतरणीच्या टोकाला लागली. सगळे उतरणीवर अर्धवर्तुळात उभे राहिले आणि झऱ्याकडे बघू लागले, आणि झरा निर्लज्जासारखा हिरवागार वाहत राहिला.

"म्हणजे देवाची देणगी..." भाऊजींनी सुरुवात केली.

"गप्प बस," अण्णा म्हणाले.

"गाड्या धुण्याच्या जागेची होती," भाऊजींनी पूर्ण केलं.

धाकटीने पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलत होते. भिंगरी मात्र हसत नव्हती. ती बापाच्या हिरव्या हातांकडे बघत होती, आणि मग तिने आठवड्यात पहिल्यांदा, मध्ये आईला न घालता विचारलं, "बाबा, यातलं पाणी तुम्ही प्यायचात ना?"

"पाहुण्यांना पाजायचो," अण्णा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

तेवढ्यात आबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी चष्मा वर केला, पाणी बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, चालू आहे अजून! वा!"

"काय चालू आहे, आबा?"

"माझं वळण! पूर्वी बाजाराचं सगळं पाणी खळग्यातच यायचं. आम्ही लाकडी रुळांवरून बोटी सोडायचो, आणि रूळ उन्हाने तडकायचे. ते ओले राहावेत म्हणून मी तिकडे मागे चेंबरमध्ये विटांची भिंत घातली आणि पाणी इकडे आणलं. फुकटात! पालिकेला पत्ता नाही." त्यांनी अभियंता बाईंकडे अभिमानाने बघितलं. बाई नकाशा उलटा धरून उभ्या होत्या.

"आबा," अण्णा सावकाश म्हणाले, "आम्ही याला झरा म्हणायचो."

"हो की."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"मला वाटलं, तुम्ही लाडाने म्हणता."

आता मात्र कोणालाच आवरलं नाही. दादा होडीत बसून इतका हसला की होडी डोलायला लागली. अभियंता बाईंनी डोळे पुसले. हसणं ओसरल्यावर त्याच म्हणाल्या, "म्हणजे खळगा मूळचा वाटेतलाच आहे. ती भिंत काढली तर पाणी आपल्या जुन्या जागी जाईल, मंजुरीला माझी हरकत नाही. पण जागा तुमची आहे. ठरवायचं तुम्ही."

हसरे चेहरे एकेक करून गंभीर झाले. अण्णांनी हिरवे हात पँटला पुसले, पण रंग निघाला नाही.

"चहा टाक," ते वहिनींना म्हणाले.

*

या कारखान्यात काही ठरवायचं म्हणजे चहा. भिंतीवर खिळ्यांची एक रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाचा कप. चहा पिऊन झाला की ज्याला गोष्ट मान्य त्याने कप सुलटा ठेवायचा, नको असेल त्याने उलटा. थोरल्यासमोर तोंड उघडायला संकोच वाटतो, कपाला वाटत नाही, म्हणून आबांनी हे सुरू केलं होतं. बरोबरी झाली तर कारखाना चालवणाऱ्याचा शब्द शेवटचा. आणि जो हरेल त्यानेच ठरलेल्या कामाचा पहिला घाव घालायचा, म्हणजे मनात अढी राहत नाही. डॉक्टरांनी चहा बंद केल्यापासून आबा पेल्याने गरम पाणी पीत, आणि पेल्याला मत नाही, हा नियमही त्यांचाच.

वहिनींचा कप त्या रांगेत नव्हता. लग्न होऊन आल्यापासून चहा त्याच ओतत आल्या होत्या. सगळ्यांचं झालं की मागे ओट्याशी उभं राहून, कान तुटलेल्या एका कपातून त्या आपला चहा घेत. कान नसलेला कप खिळ्याला टांगता येत नाही, म्हणून तो खिडकीत असे. यात कोणाचं काही चुकतंय असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यांनाही नाही.

लांब बाकावर सगळे बसले. दादा दाराशीच खोक्यावर टेकला, अभियंता बाई त्याच्या शेजारी. हा घरचा मामला होता.

"मी साफ बोलतो," अण्णा म्हणाले. "झरा गेला, ठीक आहे, गाढव ठरलो. पण व्यापाऱ्याला मी शब्द दिलाय. लाकडाच्या बोटी किती येतात आता? हा कारखाना उद्या भाड्यावर तगेल, लव्हाळ्यांवर नाही."

"बाबा, घाण पाणी आपल्याच उतरणीवरून जातंय. आपल्याच!"

"मी सोडतोय का ते? सगळा बाजार सोडतोय. त्यांनी आपली घाण करायची आणि आम्ही आपली जागा द्यायची?"

"ते मात्र खरंय," धाकटी म्हणाली. "आणि डास काय थोडे आहेत? मला तर पक्की जागाच बरी वाटते."

"तुला चप्पल गेल्याचा राग आहे," भाऊजी म्हणाले.

"आहेच! नवी होती!"

"अण्णा," भाऊजी जरा थांबून म्हणाले, "तू म्हणतोस ते पटतं मला. पण आपण आयुष्यभर खाडीवर पोट भरलं रे. तिला दारातूनच विष पाजायचं, आणि आता माहीत असून... मला नाही जमणार."

चहा संपला. कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. भिंगरीचा सुलटा. भाऊजींचा सुलटा. धाकटीचा, जरा घुटमळून, उलटा. अण्णांचा उलटा. त्या कपावर हिरवी बोटं उमटली होती.

"दोनास दोन," आबा म्हणाले आणि आपल्या पेल्याकडे वैतागून बघितलं. "हा नियम कोणत्या मूर्खाने केला?"

"बरोबरी," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "माझा शब्द शेवटचा. ट्रक..."

दाराशी दादा खोक्यावरून उठला. त्याने कोणाकडे बघितलं नाही. टोपी डोक्यावर घातली, होडीचा दोर हाताला गुंडाळला. ते दोर गुंडाळणं बघूनच वहिनींना कळलं. हा माणूस आता घरी जाऊन खुंट उपटणार होता.

त्या खिडकीशी गेल्या. कान तुटलेला कप घेतला. किटलीत उरलेला चहा त्यात ओतला आणि, रोजच्यासारखं ओट्याकडे न जाता, बाकाचं टोक ओढून सगळ्यांमध्ये बसल्या.

कोणाला काही समजेना. वहिनी चहा पीत होत्या. गार झालेला होता, तरी फुंकर घालून पीत होत्या. कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. धाकटी हळूच म्हणाली, "जाऊबाई..."

"थांब गं, संपू दे," आबा म्हणाले.

चहा संपला. वहिनींनी कप बाकावर ठेवला.

सुलटा.

अण्णा म्हणाले, रागाने नव्हे, पण दुखावल्यासारखे, "शेवटी माहेरची बाजू घेतलीस."

वहिनींनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "कप कुठे ठेवलाय ते बघा की," त्या म्हणाल्या. "माहेरी ठेवायचा असता तर लग्न होऊन आलेच नसते. या बाकावर ठेवलाय. या घरचं पाणी घाण जाऊ नये, असं या घरच्या बाईला वाटतंय. माझ्या भावाचं नुकसान होतंय तेही खरं. मी ते लपवत नाही. इतकी वर्षं लपवलं."

अण्णा कपाकडे बघत राहिले.

"मोजायचा का हा?" भाऊजींनी आबांना विचारलं.

"आत चहा होता ना? मग कपच आहे तो!" आबांनी काठी आपटली. "तीन विरुद्ध दोन! चल रे अण्णा. हरलास. पहिला घाव."

अण्णा उठले. भिंतीवरचा मोठा हातोडा काढला आणि कोणाशी न बोलता मागच्या दाराने बाहेर पडले.

"रागावले," वहिनी पुटपुटल्या.

"रागावू देत," भिंगरी त्यांच्या गळ्यात पडून म्हणाली. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच माहीत. "आई, तू! तू!"

"बाई, परवानगी?" भाऊजींनी घाईने अभियंता बाईंना विचारलं.

"कसली? आमच्या नकाशात तिथे भिंतच नाही. नसलेली भिंत पाडायला परवानगी कशी देऊ?" बाई उठल्या आणि सगळ्यांच्या आधी दारातून पळाल्या.

पहिला घाव ऐकू आला. मग दुसरा. नियमात एकच होता, पण अण्णा थांबले नाहीत. चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरून ते भिंतीवर तुटून पडले होते, आणि काठावरून आबा, "अरे, डावीकडे! डावीकडे चुना कमी घातलाय मी!" असं ओरडत होते. दादाने हातातला दोर सोडून खांबाला अडकवला, बाह्या वर केल्या आणि मेव्हण्याशेजारी खाली उडी मारली. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने त्याच्या हातात पहार दिली.

वीट निखळली. दुसरी. भिंगरीने फोनवर ओरडून बंबाचं उरलेलं पाणी सोडायला सांगितलं, आणि मग आतून घुमल्यासारखा आवाज आला. दोघं बाहेर येतात न येतात तोच पाणी उसळलं, हिरवं, फेसाळतं, आणि जुनी वाट विसरलंच नसल्यासारखं खळग्यात शिरलं. लव्हाळ्यांना धडकलं. थबकलं. पसरलं. एक रिकामी बाटली आणि कसलेसे तेलकट डाग घेऊन आलं होतं, ते तिथेच देठांना अडकून गोल फिरत राहिले.

"माझी चप्पल!" धाकटी किंचाळली. पाण्यावर तरंगत चप्पल वर आली होती.

पोरापोरींनी एकच जल्लोष केला. वहिनी मात्र वळून उतरणीकडे धावल्या. धावल्या, या वयात, पदर खोचून. झऱ्याची धार बारीक झाली होती. थेंबावर आली. मग दगडच उरले, ओले आणि गप्प. पलीकडे पाणी स्वच्छ राखाडी होतं, आणि भरती चढायला लागली होती.

"एका खळग्याने सगळी खाडी निवळणार नाही हं," अभियंता बाई मागून येऊन म्हणाल्या. "बाजारालाही कामाला लावावं लागेल."

"लावू," वहिनी म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

अण्णा ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होते. "उद्या नको येऊ. परवा? परवाही नको. भराव नकोच. थांब, थांब, ठेवू नकोस." त्यांनी फोनवर हात ठेवून लेकीला विचारलं, "खळग्याला बांध घालायचा तर खडी किती लागेल गं?"

*

संध्याकाळी दादाची होडी पल्याड लागल्याचं खिडकीतून दिसलं. तो खुंटांपाशी रेंगाळला होता. उपटत नव्हता, हलवून बघत होता, घट्ट आहेत का ते.

वहिनी कप विसळायला कारखान्यात आल्या, तर अण्णा भिंतीशी पाठमोरे उभे. हातात पक्कड आणि तांब्याची पट्टी. बोटींना लावतात तसली. कपांच्या रांगेच्या शेवटी त्यांनी ती गोल वाकवून ठोकली होती. कडं तयार झालं होतं.

"कान नाही त्याला," ते न वळता म्हणाले. "खिळ्याला राहणार नाही."

वहिनींनी ओला कप कड्यात ठेवला. तो जरा हलला.

"थांब," अण्णा म्हणाले, आणि पक्कडीने कडं किंचित आवळलं. त्यांची बोटं अजून हिरवीच होती. "आता बघ."